३० लाखांत उघड्या टपाची रोडस्टर घेऊ की टर्बो सेडान? नाशिकचे रस्ते धरून सांगा

अंबडचा_लेथ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय, जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

नाशिकच्या अंबडला जॉबवर्कचं छोटं युनिट आहे, वय ४४. शेवटच्या मशीनचं कर्ज दिवाळीत फिटलं आणि बायको स्वतःहून म्हणाली की आता तुला हवी ती गाडी घे. बजेट ३० लाख, सगळं धरून. बायकोची ऑटोमॅटिक हॅचबॅक घरात राहणार, माझी जुनी डिझेल सेडान विकणार. घरात आम्ही दोघं, नववीतला मुलगा आणि आई.

दोन गाड्या पाहून ठेवल्यात. एक बीएमडब्ल्यू झेड ४, एसड्राइव्ह ३५ आय, २०११ चं पासिंग, ४१ हजार किमी, मुंबईत आहे. तीन लिटर, सहा सिलिंडर, ३०६ हॉर्सपॉवर, रिअर व्हील ड्राइव्ह, आणि पत्र्याचा टप २० सेकंदांत घडी होऊन डिकीत जातो. दुसरी ऑक्टाव्हिया व्हीआरएस २४५, २०२० ची, भारतात आलेल्या २०० पैकी एक, दोन लिटर टर्बो (म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा), पुण्यात आहे, ५२ हजार किमी. दोघांचेही मालक २८ च्या खाली यायला तयार नाहीत.

मला उघडी गाडी का हवी ते सांगतो. १९९१ च्या सिंहस्थाच्या आधी काकांनी आम्हा पोरांना उघड्या महिंद्रा जीपमधून त्र्यंबकला नेलं होतं, श्रावण होता, अंजनेरीच्या पुढे ढग रस्त्यावर उतरले होते आणि आम्ही मागे उभं राहून भिजत होतो. त्यानंतर कुठल्याच गाडीत तसं वाटलं नाही. पण आता आईचे गुडघे आहेत, पोराच्या क्लासच्या फेऱ्या आहेत, आणि रस्ते कसे आहेत ते नाशिककरांना सांगायला नको. तेव्हा मनापासून सांगा.

तिसरा_गिअर

दादा सरळ व्हीआरएस. पाच माणसं बसतात, ५९० लिटरची डिकी आहे, मागचं अख्खं झाकण काचेसकट वर उघडतं. ३७० एनएम टॉर्क, म्हंजे ओढायची ताकद, १६०० आरपीएमलाच (इंजिनचे मिनिटाला फेरे) हातात येतो, म्हंजे द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमध्ये पण गाडी मवाळ चालते आणि समृद्धी महामार्गाला लागलात की तिचं खरं रूप कळतं. रोडस्टर दोन सीटची, वर्षातले चार महिने पाऊस, तीन महिने ऊन, उरले किती?

द्राक्षबाग

उरले पाच, आणि ते पाच महिने नाशिकसारखे महाराष्ट्रात दुसरीकडे कुठे मिळतात ते सांग. नोव्हेंबर ते मार्च पहाटे दिंडोरीकडे जाऊन बघ. बागेत फवारणी चालू, हवेत गारवा, निफाडकडे तर शेकोट्या पेटलेल्या. माझ्याकडे साधा पिकअप आहे, पण त्या दिवसांत दोन्ही काचा खाली करूनच चालवतो. अंबडकर, तुम्ही घ्याच उघडी गाडी.

पांडवलेणी

मी २६ वर्षं गाड्यांच्या इंजिनच्या कामात आहे, जरा तांत्रिक बाजू मांडतो.

पहिली गोष्ट, धाग्याच्या नावात रोडस्टर विरुद्ध टर्बो लिहिलंय, पण तुमची झेड ४ पण टर्बोच आहे. ३५ आय मधल्या एन ५४ इंजिनाला दोन छोटे टर्बो आहेत, एकेक टर्बो तीन-तीन सिलिंडरांचा धूर घेतो, म्हणून ४०० एनएम १३०० आरपीएमपासून मिळतो. टर्बो लहान असला की त्याची चक्की लवकर फिरते, पाय दाबल्यावर वाट बघावी लागत नाही.

आणि नाशिकला टर्बोचा एक फायदा आहे जो मुंबईवाल्यांना जाणवणार नाही. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहोत. इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा ६-७ टक्के कमी. बिनटर्बोचं इंजिन जेवढी हवा मिळेल तेवढीच ओढतं, त्यामुळे कसारा घाट चढून वर आलं की त्याची तेवढी ताकद गेलीच. टर्बोवालं इंजिन जरा जास्त फिरून ती तूट भरून काढतं. कोणी तुम्हाला मर्सिडीजची एसएलके ३५० सुचवली तर हे लक्षात ठेवा, तिचं साडेतीन लिटरचं व्ही ६ पण ३०६ चंच आहे आणि आवाज फार गोड आहे, पण ते बिनटर्बोचं. अर्थात मे महिन्यात ४० डिग्रीला टर्बोवाल्याचाही जीव जातो, हवा गार करणारा इंटरकूलर गरम झाला की इंजिनचा कॉम्प्युटर (ईसीयू) स्वतःच ठिणगी उशिरा टाकतो आणि गाडी जड वाटायला लागते.

दुसरी गोष्ट बॉडीची. बुटाचं खोकं घ्या, झाकण लावून पिळून बघा, पिळत नाही. झाकण काढा आणि परत पिळा. रोडस्टरचं तेच होतं. टप काढला की मजबुती जाते, मग कंपनी खाली पट्ट्या टाकते, दाराखालचे उंबरठे जाड करते, वजन वाढतं. झेड ४ दोनच सीटची असून दीड टनाच्या वर आहे ती त्यामुळे आणि त्या घडीच्या टपामुळे. खड्ड्यातून जाताना समोरची काच आणि डॅशबोर्ड किंचित थरथरतो, ते बिघाडाचं लक्षण नाही, पण फार थरथरत असेल तर गाडी कुठेतरी ठोकलेली असू शकते.

तिसरा_गिअर

६०० मीटरचा मुद्दा माहीत नव्हता काका, भारी.

अंजनेरी_रोड

माझ्याकडे व्हीआरएस आहे, २४५ नाही, २०१७ ची २३० वाली. सात वर्षं मीच चालवतेय, सातपूर-ठाणे आठवड्यातून दोनदा. खरं काय ते सांगते.

गाडी अप्रतिम आहे. कसाऱ्यात ट्रकच्या मागे रांगायचं आणि मोकळं मिळालं की डीएसजी (तिचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) खालचा गिअर टाकून जे उचलते त्याने दिवसभराचा शीण जातो. सहा वर्षं मुलांना शाळेत सोडलंय याच गाडीतून, लग्नाची भांडी आणली आहेत, सासऱ्यांना ऑपरेशननंतर मागच्या सीटवर आडवं करून आणलंय. माझ्या गाडीला ६० हजारला गिअरबॉक्सचं तेल बदलावं लागतं ते न चुकता केलंय, हे त्या पुण्याच्या गाडीचं बिल मागून बघा, नुसतं तोंडी सांगितलेलं धरू नका. झालं नसेल तर ते काम तुमच्या गळ्यात येणार.

पण समृद्धीचा शेवटचा तुकडा सुरू झाल्यापासून, जून २०२५ पासून, एक गोष्ट लक्षात आली. इगतपुरीच्या जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यातून गाडी सरळ खाली उतरते, वेगाची मर्यादा, कॅमेरे, आणि गाडी तेवढ्या वेगाला झोपलेली असते. तिला मजा यायला त्याच्या पुढे जावं लागतं आणि तिथे मी जात नाही, जाऊही नये. कसारा होता तेव्हा वळणं होती. आता मी मुद्दाम कधी कधी जुन्याच घाटाने जाते.

आईंचा प्रश्न मात्र महत्त्वाचा. सीटची उंची टेप लावून मोजा. माझ्या आईला व्हीआरएसमध्येही उतरताना दाराला धरावं लागतं, झेड ४ मध्ये तर माणूस जवळजवळ जमिनीवर बसतो.

जुनं_नाशिक

कागदपत्रांचं कोणीच बोललं नाही. २०११ चं पासिंग म्हंजे १५ वर्षं २०२६ ला संपतात. आरसी, म्हंजे गाडीची नोंदणी, रिन्यू करावी लागणार. साध्या कारला ५ हजार फी आहे पण इम्पोर्टेडला ४० हजार. वर ग्रीन टॅक्स, फिटनेस. झेड ४ इम्पोर्टेडच आहे. मालक आत्ताच का विकतोय याचं उत्तर कदाचित इथेच आहे, तेव्हा रिन्यू करून द्या मग व्यवहार करू असं सांगा किंवा तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या. शिवाय मुंबईची गाडी एमएच १५ ला आणायची नसेल तरी चालतं, राज्य एकच आहे, पण नाव ट्रान्सफर करायच्या आधी कर्जाचा बोजा उतरलाय का ते परिवहनच्या वेबसाइटवर बघा. २४५ पण थेट बाहेरून आलेल्या, म्हंजे २०३५ ला तिथेही हेच.

आणि दिल्लीत होता तसा १५ वर्षांनी पेट्रोल गाडी बंदचा नियम आपल्याकडे नाही, कोणी घाबरवलं तर घाबरू नका.

म्युनिकमधला_नाशिककर

मूळचा गंगापूर रोडचा, आता अकरा वर्षं इकडे. माझ्याकडे माझदा एमएक्स ५ आहे, भारतात ती विकत नाहीत हे माहितीये, तरी लिहितोय कारण अंबडकरांचा प्रश्न मी पण स्वतःला विचारला होता.

एमएक्स ५ १९८९ पासून चालू आहे आणि २०१६ ला १० लाखावी गाडी बाहेर पडली, जगात दोन सीटच्या उघड्या गाडीत एवढ्या कोणाच्याच विकल्या गेल्या नाहीत. माझी दोन लिटरची, टर्बो नाही, १८४ पीएस (हॉर्सपॉवरच म्हणा), पण वजन ११०० किलोच्या आसपास. टप कापडी, बसल्या जागी एक खटका ओढून हाताने मागे टाकायचा, बस. जपानी लोक म्हणतात जिन्बा इत्ताई, म्हंजे घोडा आणि स्वार एकजीव. घोड्यावर कधी बसलो नाही पण ते खरं आहे, मागचं चाक कशावर आहे ते कमरेला कळतं, कारण बूड मागच्या ॲक्सलच्या जवळपास वरच असतं.

माझा अनुभव असा की टर्बो सेडान कागदावर सगळीकडे जिंकते. मी आधी तशीच चालवायचो. पण सेडानमध्ये गाडी चांगली आहे हे कळतं, रोडस्टरमध्ये सकाळ चांगली आहे हे कळतं. झेड ४ माझदाएवढी हलकी नाही हे मात्र खरं.

तिसरा_गिअर

हे सगळं ठीक पण रोज? अंबडला, ट्रेलरच्या शेजारी, सायलेन्सर बरोबर कानाच्या उंचीला?

पांडवलेणी

रोज टप उघडायचाच नसतो भाऊ. बंद केला की ती साधी बंद टपाची गाडी. तो पत्र्याचा आहे, कापडी नाही, हा नाशिकसाठी मोठा फायदा. सप्तशृंगीच्या पायथ्याला कापडी टपाची गाडी लावून बघा, माकडं काय करतात ते.

एक काम महत्त्वाचं आहे, अंबडकर, गाडी बघायला जाल तेव्हा एक लिटर पाण्याची बाटली न्या. टप अर्धा उघडून थांबवा. टपाच्या कडेला, सीटच्या मागे दोन्ही कोपऱ्यांत पाणी वाहून जायला भोकं असतात, त्यातून रबरी नळी गाडीच्या पोटातून खाली जाते. तिथे हळूहळू पाणी ओता आणि वाकून मागच्या चाकापाशी बघा. अर्ध्या मिनिटात खाली टपटपलं पाहिजे. नाही आलं तर नळी पाल्याने तुंबलीय आणि ते पाणी आत कार्पेटखाली जातंय. बऱ्याच घडीच्या टपाच्या गाड्यांत हायड्रॉलिकचा पंप आणि वायरिंग याच बाजूला असतं, ते भिजलं की टप अर्धवट अडकतो आणि खर्च लाखात जातो. कार्पेटच्या खाली हात घालून बघा, नाक लावा, कुबट वास लपत नाही. गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी घालून नळी साफ करता येते, तार घालू नका, नळी फाटते.

इंजिनचं म्हणाल तर थंड असताना सुरू करा, मालकाला आधीच सांगून ठेवा की तापवून ठेवू नको. सुरू झाल्यावर टर्बोपाशी पत्रा वाजल्यासारखा खडखड आवाज येतोय का, पेट्रोलचा हाय प्रेशर पंप बदललाय का, कॉइल आणि प्लग कधीचे. टायरला डीओटी नंतर चार आकडे असतात, शेवटचे दोन म्हंजे वर्ष. कमी चाललेल्या गाडीला टायर नवे दिसतात पण असतात जुने. त्या गाडीला मुळात रन फ्लॅट टायर येतात, स्टेपनी नाही. पंक्चर झालं तर साधारण ८० च्या वेगाने ८० किलोमीटर नेता येतं, तेवढ्यात गाव गाठायचं.

अंबडचा_लेथ

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी पुणे केलं आणि रविवारी मुंबई. सविस्तर लिहितो.

व्हीआरएस उत्तम आहे. अंजनेरी ताई, तुम्ही म्हणालात तसं बिल मागितलं, गिअरबॉक्सचं तेल अजून व्हायचंय पण बाकी सगळं कागदावर. बाहेरच्या मोकळ्या रस्त्याला पाय दाबला, वळणावर पुढचं चाक आत ओढलं जातं ते स्टिअरिंगला स्पष्ट जाणवलं, फ्रंट व्हील ड्राइव्ह असून नाक बाहेर जात नाही. पोरगा मागे बसला होता, त्याने १०० चा आकडा किती सेकंदात आला ते मोबाइलवर मोजलं आणि घरी येईपर्यंत तेच सांगत होता. आई बसली आणि उठली, त्रास झाला नाही. मी तिथेच टोकन द्यायच्या बेतात होतो.

मुंबईला बाटली घेऊन गेलो. उजवीकडचं पाणी लगेच खाली आलं. डावीकडचं आलंच नाही. मालक स्वतःच चकित, त्यांना भोकं आहेत हेच माहीत नव्हतं. कार्पेट कोरडं होतं कारण गाडी बारा महिने बेसमेंटमध्ये. मी नायलॉनची दोरी नेली होती, हळूहळू घातली, मध्ये अडकली, थोडी फिरवली आणि एकदम काळा गाळ आणि गुलमोहराची बारीक पानं खाली पडली, मग पाणी सुटलं. बाकी इंजिन थंड सुरू केलं, आवाज स्वच्छ. टायर २०१६ चे, चारही बदलावे लागणार. पंप बदलल्याचं बिल आहे.

मग चालवली. मालकांनी सांगितलं टप उघडूनच न्या. वेग किती तर ५०, फार तर ६०. सोसायटीच्या मागच्या रस्त्याला झाडं होती, एका घरातून फोडणीचा वास आला, पुढे कोणीतरी पेटी वाजवत होतं ते दोन सेकंद ऐकू आलं आणि गेलं. इंजिन दुसऱ्या गिअरला नुसतं गुरगुरत होतं. आणि मला ती जीप आठवली नाही हो, मला माझे वडील आठवले, ते सायकलवर पुढच्या दांडीवर बसवून मला गोदाघाटावर न्यायचे तेव्हा हेच व्हायचं, वास यायचे आणि आवाज यायचे आणि जायचे. व्हीआरएस चालवताना मी रस्ता मोकळा कधी मिळतोय ते बघत होतो. इथे मी काहीच बघत नव्हतो, वाट अशी कशाचीच नव्हती.

नाशिकला मला ५० चाच रस्ता मिळतो. गिरणारेकडे जा, टोमॅटोच्या गाड्या. पिंपळगावकडे जा, कांद्याचे ट्रॅक्टर. २०२७ च्या सिंहस्थाची कामं निघाली आहेत तिथे तर ३०. मग ५० ला जी गाडी बोलते ती घ्यावी असं वाटतंय. पण पोराचा चेहरा डोळ्यासमोर आहे, त्याला व्हीआरएस हवी आहे, आणि आईला यात बसता येणार नाही.

अंजनेरी_रोड

हे वाचून मीच व्हीआरएस घ्या असं म्हणू शकत नाही आता. तुमच्या घरात दुसरी गाडी आहे. आईंसाठी ती हॅचबॅक उंच आहे, चढा-उतरायला या दोन्हींपेक्षा सोपी. एकच गाडी असती तर मी तुमच्याशी भांडले असते.

मुलाचं म्हणाल तर दोन सीटच्या गाडीत शेजारी कायम तोच असणार ना. माझी दोन्ही मुलं मागे बसून मोबाइल बघतात.

द्राक्षबाग

टोमॅटोच्या गाडीच्या मागे अडकलात तरी तुम्हाला राग येणार नाही, एवढंच सांगतो.

तिसरा_गिअर

मी अजून माझ्या मतावर ठाम आहे, तीस लाखांत पंधरा वर्षं जुनी गाडी म्हंजे धोका आहे, वर्षाला लाख-दीड लाख बाजूला ठेवा नाहीतर एक पार्ट आला की गाडी महिनाभर उभी. पण दादा पोस्ट वाचून मी संध्याकाळी माझ्या व्हर्टसचं सनरूफ उघडलं. तेवढंसंच आकाश दिसलं.

जुनं_नाशिक

४० हजार फी आणि टायरचे पैसे कमी करून मागा. रविवारी गेलात आणि बाटली ओतलीत म्हंजे मालकाला कळलंय गिऱ्हाईक जाणकार आहे. आता ताणा.

अंबडचा_लेथ

घेतली. २६ ला तुटलं, आरसी ते रिन्यू करून देणार, टायर माझे. बायकोने एकच अट घातली की पहिली फेरी आईची. आईला बसवताना काय केलं ते सांगतो, कोणाला उपयोग होईल. गाडी आमच्या गेटच्या उताराला खालच्या बाजूने लावली, दार पूर्ण उघडलं, सीट पूर्ण मागे, आईने पाठ गाडीकडे करून आधी सीटवर टेकायचं आणि मग मी दोन्ही पाय उचलून आत घ्यायचे. उतरताना तेच उलट. दोन वेळा पायरीवर घरी खुर्ची मांडून सराव केला. जमलं. सकाळी सात वाजता गंगापूर धरणापर्यंत गेलो, तिने डोक्यावरून पदर घट्ट घेतला होता आणि पूर्ण वेळ एक शब्द बोलली नाही. बॅकवॉटर दिसल्यावर म्हणाली, थोडं पुढे ने.

आता प्रश्न. जूनच्या आधी दोन्ही बाजूंच्या नळ्या पूर्ण काढून साफ करून घ्यायच्यात आणि टपाची रबरं बघायचीत. नाशिकमध्ये हे काम हाताने, न घाई करता कोण करतं?

पांडवलेणी

रबरांना ग्रीस लावू नका, सिलिकॉनचं मिळतं ते आणा, छोटी डबी पुरते. आणि मेच्या शेवटच्या रविवारी सकाळी गाडी घेऊन माझ्याकडे या, पाथर्डी फाट्याला आलात की मेसेज करा. आईंना पण घेऊन या, चहा घरीच घेऊ.